वळणात ब्रेक दाबला की गाडी सरळ का जाते?

प्रश्न थोडक्यात असा: "महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरत होतो. दीडशे सीसीची गाडी, पुढे डिस्क, सिंगल चॅनल एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा). डाव्या हाताच्या वळणात गाडी झुकलेली असताना समोरून एसटी आली. पुढचा ब्रेक दाबला, तर गाडी वळायची सोडून उभी राहिली आणि सरळ उजव्या बाजूला, एसटीच्या पुढ्यात गेली. ड्रायव्हरने वेळेत एसटी थांबवली म्हणून वाचलो. वडील म्हणतात, घाटात पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. मित्र म्हणतो, ट्रेल ब्रेकिंग (ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरणं) शीक. गॅरेजवाला म्हणतो, रुंद टायर टाकून घे. कुणाचं ऐकू?"

तिघांचं म्हणणं कुठून येतं ते मला कळतं, पण तुमच्या प्रसंगाला त्यातलं एकही पूर्ण लागू होत नाही. मी गॅरेजमध्ये काम करत या धंद्यात आलो आणि आता नव्या चालकांना मोटरसायकल शिकवतो. हा प्रश्न घाट उतरून आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस कधी ना कधी विचारतो, म्हणून जरा मोकळेपणाने लिहितो. आकडेमोड येईल, पण ती बेरीज-गुणाकाराच्या पलीकडची नाही.

आधी गाडी उभी का राहिली, म्हणजे झुकलेली होती ती ताठ का झाली, ते पाहू. त्यासाठी मोटरसायकल वळते कशी हे माहीत असायला हवं, आणि गंमत अशी की वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्यांनाही ते सांगता येत नाही. हात आपोआप बरोबर काम करतात, तोंड चुकीचं सांगतं. ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर गाडी डावीकडे वळवायची असेल, तर हँडलची डावी मूठ पुढे ढकलावी लागते. म्हणजे क्षणभर चाक उजवीकडे वळतं. तळहातावर काठी उभी धरून तोल सांभाळण्याचा खेळ आठवा. काठी डावीकडे झुकवायची तर हात उजवीकडे न्यायचा, आणि डावीकडे पडायला लागलेली काठी सावरायची तर हात डावीकडे न्यायचा. मोटरसायकलीत हाताच्या जागी टायर आहेत आणि काठीच्या जागी गाडी अधिक तुम्ही. टायर उजवीकडे सरकले की वरचं वजन डावीकडे कलतं, गाडी झुकते आणि वळण सुरू होतं. उलट, झुकलेल्या गाडीचं पुढचं चाक वळणाच्या आत जास्त वळलं, तर टायर वजनाच्या खाली येतात आणि गाडी उभी राहते. यालाच काउंटरस्टिअरिंग म्हणतात.

आता झुकलेल्या गाडीचा पुढचा टायर समोरून पाहा. टायर गोलाकार असल्यामुळे गाडी डावीकडे झुकली की रस्त्याला टेकणारा भाग टायरच्या मधोमध राहत नाही, डाव्या कडेकडे सरकतो. पण हँडल ज्या आसाभोवती फिरतं तो आस चाकाच्या मधल्या पातळीतच असतो. ब्रेक दाबलात की रस्ता टायरला मागे ओढतो, आणि ही ओढ आसाच्या डाव्या बाजूला लागते. परिणामी हँडल आपणहून डावीकडे, वळणाच्या आत, वळू पाहतं. चाक आत वळलं की गाडी उभी राहते, हे वर पाहिलंच. गाडी उभी राहिली की वळण मोठं होतं. तुमचं वळण डावं होतं, म्हणून मोठं झालेलं वळण तुम्हाला रस्त्याच्या उजव्या अर्ध्यात घेऊन गेलं. उजव्या वळणात हेच झालं असतं तर तुम्ही डावीकडच्या कठड्याकडे किंवा गटाराकडे गेला असता.

म्हणजे गाडी बिघडलेली नव्हती, टायरही घसरला नव्हता. ब्रेकने हँडलवर जोर आणला आणि त्याला उलटा जोर द्यायला तुमचा डावा हात तयार नव्हता. वळणात पुढचा ब्रेक लावायचाच असेल, तर त्याच वेळी आतल्या बाजूची मूठ पुढे दाबून धरावी लागते. किती, ते गाडीगणिक आणि टायरगणिक वेगळं. ताठ कोपर आणि घट्ट आवळलेल्या मुठी असतील तर हे साधत नाही, कारण दोन्ही हात एकाच वेळी हँडलला लटकलेले असतात.

त्यात नजरेचा भाग आहेच. समोर एसटी दिसली की माणूस एसटीकडेच बघतो, आणि गाडी नजरेमागे जाते. हे भौतिकशास्त्र नाही, पण घाटातल्या बऱ्याच अपघातांत ते भौतिकशास्त्राच्या आधी येतं.

आता वडिलांचं म्हणणं. पुढचा ब्रेक लावायचा नाही, हा सल्ला बहुतेक स्कूटरच्या जमान्यातला आहे. जुन्या बजाज चेतकसारख्या स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाशी, चाकं दहा इंची, पुढे छोटा ड्रम. वजन आधीच मागे असल्यामुळे पायाच्या ब्रेकने काम भागायचं, आणि वाळूमातीच्या रस्त्यावर पुढचं छोटं चाक अडकलं की माणूस खाली यायचा. त्या गाडीवर त्या रस्त्यावर तो सल्ला शहाणपणाचा होता. तुमच्या गाडीवर तो महागात पडेल.

किती महागात, ते मोजता येतं. गाडी १४५ किलो आणि तुम्ही ७५ किलो धरू, एकूण २२०. दोन चाकांच्या आसांमधलं अंतर १.३४ मीटर. गाडी आणि चालक मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर वर. उभ्या गाडीचा भार दोन्ही चाकांवर निम्मा, म्हणजे ११० आणि ११०. तुमच्या वर्गातल्या गाडीला हे आकडे फार चुकीचे नाहीत. कोरड्या, स्वच्छ डांबरावर बऱ्यापैकी टायरचा घर्षणगुणांक ०.८ धरू. म्हणजे टायर जास्तीत जास्त त्याच्यावरच्या भाराच्या ०.८ पट जोराने रस्ता धरू शकतो. त्याहून जास्त मागितलं की घसरतो.

ब्रेक लागला की भार पुढे सरकतो. किती? एकूण वजन, गुणिले ब्रेकचा जोर, गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले चाकांतलं अंतर. पूर्ण ताकदीने, म्हणजे गुरुत्वाच्या ०.८ पट मंदनाने (वेग कमी होण्याच्या दराने) थांबताना २२० गुणिले ०.८ गुणिले ०.६ भागिले १.३४, साधारण ७९ किलो. पुढच्या चाकावर १८९ आणि मागच्यावर फक्त ३१ किलो. म्हणजे थांबवण्याच्या कामातला ८५ टक्क्यांच्या आसपास वाटा पुढच्या चाकाचा.

ताशी ६० वरून थांबायला, ब्रेक लागल्यापासून पुढे लागणारं अंतर यावरून निघतं. दोन्ही ब्रेक नीट वापरले तर १८ मीटर. फक्त पुढचा, तर २३ मीटर. फक्त मागचा, तर ४८ मीटर. मागचा ब्रेक कितीही जोरात दाबा, त्या चाकावर भारच उरत नाही, मग ते थांबवणार कशाच्या जोरावर? ते जाम होतं, टायर किंचाळतो, मागचा भाग झुलतो आणि गाडी चालत राहते. यात सावध होऊन ब्रेकपर्यंत हात नेण्याचा वेळ धरलेला नाही. तो एक सेकंद धरला तर प्रत्येक आकड्यात सतरा मीटर मिळवा.

"पण पुढचा लावला की गाडी पलटी खाते ना?" सपाट रस्त्यावर या गाडीचं मागचं चाक उचललं जायला गुरुत्वाच्या सुमारे १.१ पट मंदन लागतं. ०.८ वर टायरच हार मानतो, त्यामुळे पलटी खाण्याआधी चाक घसरेल. उतारावर हा १.१ चा आकडा थोडा खाली येतो, पण तरीही सपाटून पलटी खाल्लेल्या गाड्यांच्या गोष्टींत बहुतेक वेळा पुढे खड्डा, दगड किंवा दुसरी गाडी असते.

लोक पडतात ते पुढचा ब्रेक लावल्याने नाही, कचकन लावल्याने. आकडे पुन्हा बघा. ब्रेक दाबण्याच्या क्षणी पुढच्या चाकावर ११० किलोच भार आहे, म्हणजे तो टायर जास्तीत जास्त ८८ किलोचा जोर झेलू शकतो. भार पुढे येऊन फोर्क (पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) दबला, टायर रस्त्यावर पसरला की तोच टायर १५१ किलोचा जोर झेलतो. मधला वेळ सेकंदाच्या काही दशांशांचा आहे. तेवढ्यात १५१ मागितलेत तर चाक जाम. म्हणून ब्रेकची मूठ आधी हलकी घ्यायची, फोर्क बसल्याचं हाताला जाणवलं की मग पाहिजे तेवढं दाबायचं. हे सगळं मिळून अर्ध्या सेकंदाच्या आत होतं. हळू नाही, फक्त टप्प्याने. नवीन मुलांना मी मोकळ्या मैदानात ताशी ३० वर एवढंच करायला लावतो, दुसरं काही शिकवायच्या आधी.

पावसात गणित थोडं बदलतं, आणि बदलतं ते वडिलांच्या बाजूने. ओल्या रस्त्यावर गुणांक ०.५ धरला तर भार ४९ किलोच सरकतो, पुढे १५९ आणि मागे ६१. मागच्या चाकाचा वाटा चौदा टक्क्यांवरून अठ्ठावीसवर जातो. मागे माणूस बसला असेल, डिकीत सामान असेल, तर आणखी. म्हणजे ओल्यात आणि डबलसीट असताना पायाचा ब्रेक खरोखर जास्त कामाचा, पण तेव्हाही पुढच्याच्या जोडीने.

हे सगळं गाडी सरळ असतानाचं झालं. तुमचा प्रसंग वळणातला होता.

वळणाऱ्या गाडीला आत ओढणारा जोर टायरच देतो. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि वळण जितकं मोठं तितका कमी होतो. ३० मीटर त्रिज्येचं वळण धरा. घाटात अशी वळणं भरपूर असतात, तीव्र वळणं याहून बरीच लहान असतात. ताशी ४० ला गाडी सुमारे २३ अंश झुकते, आणि वजनाच्या ०.४२ पट आडवा जोर लागतो. ताशी ५० ला ३३ अंश आणि ०.६६ पट. ताशी ६० ला ४३ अंश आणि ०.९४ पट. कोरड्या रस्त्याची मर्यादा ०.८ आहे, म्हणजे ५५ च्या वर हे वळण कुणालाच बसणार नाही, मग तो कितीही मोठा रायडर असो. ओल्यात ही मर्यादा ४४ वर येते. गाडी जड की हलकी याने झुकण्याच्या कोनात फरक पडत नाही, कारण वजन दोन्ही बाजूंनी कटतं. टायरच्या रुंदीमुळे प्रत्यक्ष कोन दोन-तीन अंश जास्त असतो, तेवढं सोडून देऊ.

आता मुद्द्याचं. टायरजवळ पकड एकच असते, वळण्यासाठी वेगळी आणि थांबण्यासाठी वेगळी नसते. दोन्ही जोर काटकोनात लागतात, त्यामुळे त्यांची बेरीज पायथागोरसच्या प्रमेयाने होते: दोघांच्या वर्गांची बेरीज ०.८ च्या वर्गाच्या आत राहिली पाहिजे. ताशी ४० ने त्या वळणात जाताना ०.४२ वळणात गेले, तरी ब्रेकसाठी ०.६८ शिल्लक राहतात. म्हणजे कोरड्या रस्त्यावर, बऱ्यापैकी झुकलेल्या गाडीतही, जवळजवळ सरळ रस्त्याइतका ब्रेक टायर सोसतो. हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. ५० ला ०.४६ उरतात. ५४ ला ०.२३. म्हणजे मर्यादेजवळ गेल्यावर शिल्लक एकदम कोसळते. ४० आणि ५४ मधले चौदा किलोमीटर स्पीडोमीटरवर किरकोळ दिसतात, ब्रेकच्या हिशेबात ते दोन तृतीयांश शिल्लक खातात. ओल्या रस्त्यावर ४० लाच ०.२७ उरतात.

यातून तुमच्या प्रसंगाबद्दल दोन गोष्टी निघतात. एक, तुम्ही पडला नाहीत, टायरने साथ सोडली नाही, म्हणजे त्याच्याजवळ शिल्लक होती. दुसरं, तुम्ही बहुधा वीस-पंचवीस अंशांतच होता. सवय नसलेला माणूस त्याच्या पुढे झुकायला घाबरतो. कोरड्या रस्त्यावर ०.८ च्या हिशेबाने टायर ३८ अंशांपर्यंत नेऊ शकतो. गाडी थोडी आणखी झुकवली असती, तर ब्रेक न लावता एसटी उजवीकडे ठेवून निघून जाता आलं असतं. घाटात "आता वळत नाही" असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा गाडी वळायला तयार असते.

मग वळणात अचानक काही समोर आलं तर काय करायचं? तीन परिस्थिती आहेत आणि त्यातली कुठली आपली, हे ठरवायला एक सेकंदही मिळत नाही, म्हणून आधी डोक्यात असावं. डाव्या बाजूला जायला जागा असेल, तर ब्रेक विसरा, डावी मूठ ढकला, नजर मोकळ्या जागेवर ठेवा. पूर्ण रस्ता अडलेला असेल आणि पुढे सरळ जायला थोडी जागा असेल, तर आधी झुकलेली गाडी ताठ उभी करा, मग पूर्ण ताकदीने दोन्ही ब्रेक. गाडी उभी असेल तर सगळी पकड ब्रेकला मिळते. आणि सरळ जायला जागा नसेल, म्हणजे समोर दरी किंवा चालती गाडी असेल, तर आतली मूठ दाबून धरत दोन्ही ब्रेक हलके लावा आणि वेग उतरेल तसे वाढवा. वेग ५० चा ४० झाला की वळणाचा खर्च ३६ टक्क्यांनी कमी होतो, तेवढी पकड ब्रेकसाठी मोकळी होते. म्हणजे हलका ब्रेक स्वतःच पुढच्या ब्रेकसाठी जागा करून देतो. या तिसऱ्या गोष्टीचा सराव सर्वांत कठीण आणि तीच सर्वांत जास्त कामाला येते.

मित्राचं ट्रेल ब्रेकिंग हे याचंच शिस्तशीर रूप आहे. वळण सुरू होण्याआधी जोराचा ब्रेक, आणि गाडी झुकत जाईल तसा ब्रेक सोडत जायचा, एकदम नाही. फायदा असा की फोर्क एकदम उसळत नाही, पुढचा टायर दाबलेला राहतो, आणि दबलेल्या फोर्कमुळे गाडी वळायला चपळ होते. शर्यतीत हे वळणाच्या खोलपर्यंत करतात, कारण त्यांना सेकंद वाचवायचे असतात. घाटात तुम्हाला सेकंद नाही, शिल्लक वाचवायची आहे. माझं मत असं: तंत्र शिका, पण हेतू बदलून. नव्वद टक्के ब्रेक गाडी सरळ असताना संपवा. उरलेला दहा टक्के वळणात शिरताना बोटांत राहू द्या, म्हणजे बोटं ब्रेकवर असतात, फोर्क बसलेला असतो आणि अचानक काही दिसलं तर ब्रेक शून्यापासून सुरू करावा लागत नाही. यूट्यूबवर गुडघा घासणाऱ्यांचं बघून पसरणी घाटात करायला जाऊ नका. शर्यतीच्या ट्रॅकवर पुढच्या वळणावर काय सांडलंय हे त्यांना माहीत असतं, घाटात तुम्हाला नसतं.

आणि काय सांडलंय हा घाटात खरा प्रश्न आहे. वरचं सगळं गणित ०.८ आणि ०.५ वर उभं आहे, आणि रस्ता तो आकडा दर दहा मीटरला बदलतो. चढावर फुल टाकी घेतलेल्या ट्रकचं डिझेल बरोबर वळणावरच सांडतं. डोंगराच्या बाजूच्या गटारातून बारीक खडी वळणाच्या आतल्या कडेला येऊन पडते, म्हणजे डाव्या वळणात नेमकी तुमच्या वाटेत. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे सावलीतल्या पट्ट्यांवर शेवाळ असतं. कोकणाच्या बाजूला लाल माती वाहून येते आणि ओली झाली की साबण होते. पहिल्या पावसाचा पहिला अर्धा तास सर्वांत वाईट, कारण महिनोन्‌महिने बसलेलं तेल आणि धूळ तेव्हा वर येते, धुऊन जायला वेळ लागतो. पांढरे पट्टे आणि पुलांवरचे लोखंडी जोड ओले असतील तर झुकलेल्या गाडीने त्यांच्यावर काहीच मागू नका. अशा ठिकाणी शहाणा माणूस वेगच इतका ठेवतो की टायरला काही द्यावंच लागू नये.

किती वेग? याचं एक साधं उत्तर आहे, आणि ते वळणाच्या कोनावरून येत नाही, दिसणाऱ्या अंतरावरून येतं. आंधळ्या वळणात समोर २५ मीटर दिसतंय असं धरा. सावध व्हायला एक सेकंद, आणि झुकलेल्या गाडीत बेताचा, गुरुत्वाच्या निम्मा ब्रेक. या हिशेबाने ताशी ४१ च्या वर असाल, तर समोर उभ्या असलेल्या गाईआधी थांबू शकणार नाही. समोरची गाडी चालती असेल तर ती अंतरातला वाटा घेते, मग ३० सुद्धा जास्त. तुमची एसटी चालती होती. वळणात शिरताना बाहेरच्या बाजूने, म्हणजे डाव्या वळणात आपल्या लेनच्या उजव्या भागातून शिरलात तर दोन-चार मीटर जास्त दिसतं. पण मधल्या रेषेच्या अलीकडेच. उजव्या वळणात रेषेला चिकटून झुकलात तर चाकं तुमच्या बाजूला आणि डोकं समोरच्याच्या बाजूला असतं, हे लक्षात ठेवा.

उतारावर आणखी एक खर्च असतो, उष्णतेचा. महाबळेश्वर ते पोलादपूर साधारण बाराशे मीटरची उतरण आहे. २२० किलोची गाडी तेवढी खाली आणताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते ती सुमारे २६ लाख ज्यूल, आठ लिटर पाणी उकळायला पुरेल एवढी. हवेचा विरोध त्यातली थोडी घेतो. बाकीची एकतर इंजिनात जिरते नाहीतर ब्रेकमध्ये. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणाऱ्यांची सगळी ब्रेकमध्ये जाते. ड्रम तापला की फुगून लायनरपासून दूर जातो आणि पायडल खाली खाली जाऊ लागतं. डिस्कमध्ये पॅडची पकड कमी होते, आणि ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी वाईट. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शोषलेल्याचा १५५ वर येऊ शकतो. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि मूठ हँडलला टेकते पण गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदला, किलोमीटर कितीही कमी झाले असले तरी.

उतरताना चढाचाच गिअर ठेवा, हे जुने ड्रायव्हर सांगतात ते बरोबर आहे. फक्त मोटरसायकलीत एक मेख आहे: इंजिनचा ब्रेक मागच्याच चाकाला लागतो, आणि मागच्या चाकावर ब्रेक लावताना भार कमी असतो. ओल्या वळणात एकदम गिअर उतरवून क्लच सोडलात तर पायाचा ब्रेक कचकन दाबण्यासारखंच होतं. गिअर वळणाआधी उतरवा, क्लच हळू सोडा, आणि वळणात अ‍ॅक्सिलरेटर किंचित उघडा ठेवा, गाडी ओढली जाणार नाही आणि लोटलीही जाणार नाही इतका.

एबीएसबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण "एबीएस आहे" हे प्रश्नात ज्या निश्चिंतपणे लिहिलंत त्यावरून सांगतो. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं, त्या वेळी १२५ पर्यंतच्यांना सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लावणारी यंत्रणा) पुरेसं ठरवलं. सिंगल चॅनल म्हणजे ते फक्त पुढच्या चाकावर काम करतं, मागचं चाक अजूनही जाम होऊ शकतं. साधं एबीएस चाक किती वेगाने मंदावतंय एवढंच पाहतं, गाडी किती झुकली आहे हे त्याला कळत नाही. झुकलेल्या गाडीत ते चाक सोडेपर्यंत पकड गेलेली असू शकते, आणि उभं करणारा जोर तर ते अजिबात थांबवत नाही. तुमच्या प्रसंगात एबीएसला काही कामच नव्हतं, कारण चाक जाम झालंच नव्हतं. झुकण्याचा कोन मोजून ब्रेकचा जोर ठरवणारी यंत्रणा वेगळी. ती २०१४ च्या केटीएम ११९० अ‍ॅडव्हेंचरपासून आली, आपल्याकडे ३९० अ‍ॅडव्हेंचरसारख्या गाड्यांत मिळते. सरळ रस्त्यावर मात्र साध्या एबीएसवर पूर्ण भरवसा ठेवा: दोन्ही ब्रेक पूर्ण दाबा, मूठ थरथरली तरी सोडू नका.

राहिला गॅरेजवाल्याचा रुंद टायर. नको. तुमच्या रिमला कंपनीने दिलेल्या मापापेक्षा रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि गोलाई बिघडते. शिवाय पुढचा टायर जितका रुंद, तितका झुकल्यावर टेकणारा भाग आसापासून दूर, म्हणजे ज्या जोराने तुमची गाडी उभी राहिली तो वाढणार. मागचा रुंद केला तर त्याच वळणाला गाडी थोडी जास्त झुकवावी लागते आणि हँडलही जड होतं. पैसे खर्च करायचेच असतील तर त्याच मापाचा चांगल्या रबराचा टायर घ्या, पुढचा आधी, कारण आपल्याकडे लोक मागचा गुळगुळीत झाला की बदलतात आणि पुढचा वर्षानुवर्षं कडक होत राहतो. साइडवॉलवर चार अंकी आकडा असतो, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. पाच-सहा वर्षं जुना असेल तर नक्षी शाबूत असली तरी काढा. हवा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर लिहिलेलीच भरा, आणि टायर थंड असताना. पुढे हवा कमी असेल तरीही ब्रेक लावल्यावर गाडी जास्त उभी राहते, तेव्हा नव्या टायरचा विचार करायच्या आधी उद्या सकाळी पंपावर जाऊन तेवढं बघा.